पिल्लू घरी येतंय, त्याआधी

सुट्टी लागली की माझ्याकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. म्हशी, शेळ्या मागे पडतात आणि कुत्र्याची पिल्लं पुढे येतात. पोरं घरात असतात, हट्ट धरतात, आईबापांचंही मन होतं. या खेपेला आलेल्या पत्रांतली बहुतेक पिल्लांचीच निघाली, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रं लांबलचक होती, ती थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : डॉक्टरबाई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय 68. घर जुनं, पुढे सोपा, मागे परडं. मुलगा कामाला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, सून बँकेत, नात नऊ वर्षांची. भुदरगडकडच्या पाहुण्यांच्या रानात कुत्री व्यालीय, कारवानी आहे म्हणतात. पिल्लं 5 एप्रिलची. पाहुण्यांचं म्हणणं, महिन्याचं झालं की न्या, लहानपणीच माणसाळतं. मुलानं गादी, पिंजरा, तीन पट्टे, शिवाय कॅल्शियमची पावडर अशी साडेसहा हजारांची खरेदी करून ठेवलीय. मला मात्र धास्ती वाटते. अजून काय तयारी करावी? नातीनं याच लिफाफ्यात एक चिठ्ठी घातली आहे, तिला वेगळं उत्तर द्या.

उत्तर : बाई, अंक निघेपर्यंत तुमचं पिल्लू थांबणार नव्हतं, म्हणून यातलं निम्मं मी तुम्हाला फोनवर सांगून टाकलंय. पण तुमच्यासारखी आणखी चार घरं असणार, म्हणून सगळं नीट लिहिते.

महिन्याचं पिल्लू आणू नका. आठ आठवडे पुरे होऊ द्यात, म्हणजे तुमच्या हिशेबानं 31 मे. पिल्लं विकणाऱ्यांसाठी 2017 मध्ये केंद्र सरकारनं नियम केले, त्यातसुद्धा आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला मनाई आहे. तुमचे पाहुणे काही विकत नाहीत, तरी त्यामागचं कारण त्यांच्या पिल्लालाही लागू आहेच. पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडं एकमेकांचे कान ओढतात, पाय चावतात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. आईच्या अंगाला दात लागले की ती गुरकावून उठून जाते. आपला चावा किती जोराचा आहे हे पिल्लाला तिथं कळतं. ही शाळा अर्धी सोडून आलेलं पिल्लू मग तुमच्या नातीच्या हातावर शिकतं. तुम्ही शाळेतल्या आहात, मी जास्त काय सांगू.

पाहुण्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला आपलं वाटतं, आणि नंतर नवीन भेटणाऱ्या गोष्टींना ते बिचकतं. पण त्यासाठी आईपासून तोडायची गरज नाही. पाहुण्यांना सांगा, घरातल्या पोरांनी रोज दोन वेळा पिल्लाला हातात घ्यावं, पंजे दाबावेत, कानात बघावं, तोंड उघडून पाहावं. आठव्या आठवड्यात आलं तरी पुढचा दीड महिना तुमच्या हातात राहतोच.

आता खरेदी. साडेसहा हजारांत जे आलं त्यातलं बरंचसं सहा महिन्यांत तोकडं पडेल किंवा फाडून होईल. कॅल्शियमची पावडर तर डबा न फोडता परत करा. वाढत्या पिल्लाला, त्यातून लांब पायांच्या जातीला, जादा कॅल्शियमनं हाडाचं नुकसान होतं. जुनी वाकळ, तळाला जड असे स्टीलचे दोन वाडगे, रद्दी, मऊ कापडी पट्टा आणि एक डिजिटल थर्मामीटर, एवढ्यावर पहिला महिना आरामात निघतो. पिंजरा आलाच आहे तर दार उघडं ठेवून त्यात वाकळ घाला, ते स्वतःहून आत जाऊन झोपायला लागेल. शिक्षा म्हणून मात्र त्यात कधी कोंडू नका.

पण बाई, तुमच्या पत्रात मला एक यादी दिसली नाही. पहाटे पाचला परड्यात कोण नेणार? दुपारी बारा आणि तीनचं खाणं कोण देणार? रात्री अकराला आणि एकदा मध्यरात्री कोण उठणार? फरशी कोण पुसणार? दवाखान्यात कोण आणणार? मुलगा, सून कामावर आणि नात शाळेत गेली की या सगळ्याचं उत्तर एकच उरतं, ते म्हणजे तुम्ही. तुमचे गुडघे दुखतात हे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी तिथंच थांबले. हौसेनं आणलेलं आणि चार महिन्यांत 'कुणाला तरी देऊन टाकू' या टोकाला आलेलं पिल्लू मी दर पावसाळ्यात बघते. ही माणसं काही वाईट नसतात. काम कुणाचं हे आधी ठरलेलं नसतं आणि ते घरातल्या एकाच बाईच्या अंगावर पडतं, एवढंच. जन्मभर वेळापत्रकं लिहिलीत, आता हे एक लिहा. वार, वेळ आणि समोर नाव. मुलाचं नाव पहाटे आणि रात्री, सुनेचं संध्याकाळी, तुमचं दुपारी. नातीला पाण्याचा वाडगा धुणं आणि भरणं द्या, नऊ वर्षांच्या पोरीला ते जमतं. कागद फ्रिजवर लावा आणि आठ दिवस पिल्लाविना तसं वागून बघा. मुलगा पाचला उठत नसेल तर ते आत्ताच कळेल.

शाळा 15 जूनला उघडतात हेही धरा. पंधरा दिवस घर भरलेलं आणि सोळाव्या दिवशी एकदम सामसूम झालं तर पिल्लू सैरभैर होतं. पहिल्या आठवड्यापासूनच रोज पाच मिनिटं, मग दहा, मग वीस, असं एकटं ठेवायची सवय लावत जा.

पिल्लू यायच्या आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी सोप्यात फरशीवर चक्क ओणवं होऊन सगळं घर फिरायचं. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते वीतभर उंचीवरून दिसतं. कूलरची लोंबणारी वायर. ट्रंकेखाली ठेवलेलं उंदराचं औषध. कपाटाच्या फटीत गडगडलेली डांबरगोळी. चौरंगावर ठेवलेल्या तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या, ज्यांतली एक-दोन पिल्लाच्या पोटात गेली तर आतड्याला जखमा होतात आणि मूत्रपिंड जाऊ शकतं. परड्यात कण्हेर असेल तर तिच्याभोवती आडोसा करा, तिचं पान, फूल, खोड सगळं विषारी. हौदावर झाकण. आणि दारातल्या चपला वर फळीवर. कोल्हापुरीचं कातडं पिल्लाला खाऊसारखं वाटतं.

पाहुण्यांकडे आत्ताच एक जुनं धुतलेलं लुगडं पाठवा. आठ दिवस ते कुत्रीच्या खाली अंथरू द्यात आणि येताना पिल्लाबरोबर आणा, न धुता. पहिल्या रात्री त्याला आईचा वास मिळाला की निम्मं रडणं कमी होतं.

पिल्लू ताब्यात घेताना त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी. अंगठ्यानं हलकं दाबा, पांढरी होईल, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. फिकट दिसली आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर जंत आहेत असं धरा. पिल्लं गुबगुबीत दिसतात म्हणून लोक खूश होतात, पण बरगड्या हाताला लागतात आणि पोट तेवढं फुगलंय, ही खाऊनपिऊन आलेली तब्येत नव्हे. जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात, दुधातूनही येतात. म्हणून पंधरा दिवसांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध, तीन महिन्यांपर्यंत. मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, त्यानंतर दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर असतो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवून वजन घ्या आणि मला कळवा, अंदाजानं पाजू नका.

लशींचं सांगते, आणि इथं मला माझीच चूक सांगायची आहे. पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांत, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. मग वर्षानं पुन्हा. लोक विचारतात, एकदा टोचली ना, मग परत परत कशाला? आईच्या चिकाच्या दुधातून आलेलं संरक्षण पिल्लाच्या रक्तात काही आठवडे असतं. ते असेपर्यंत ते लशीलाही काम करू देत नाही. ते कुणाचं सहाव्या आठवड्यात संपतं, कुणाचं चौदाव्यात, आणि बाहेरून कळत नाही. म्हणून मधल्या सगळ्या आठवड्यांत लस लावत जायची.

हे मला पाठ होतं. 1998 साली माझा दवाखाना सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मी एक पिल्लू घरी आणलं, पांढरं, उजव्या डोळ्यावर तपकिरी डाग, ठिपकी म्हणायचो. पहिली लस देऊन झाली होती आणि घराबाहेर आम्ही तिला सोडत नव्हतो, म्हणून मी निर्धास्त होते. त्या आठवड्यात दवाखान्यात पार्वोची, म्हणजे विषाणूच्या हगवणीची, तीन कुत्री आली होती. रात्री दहाला दमून घरी गेले, चपला दारातच काढल्या आणि जेवायला बसले. जेवून उठले तर ठिपकी माझ्या चपलेचा अंगठा तोंडात धरून चघळत बसलेली. मी हसले, सोडवून घेतला. पाचव्या दिवशी सकाळी तिनं दूध-भात हुंगला आणि तोंड फिरवलं. दुपारी उलटी, रात्री रक्ताची हगवण. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. सलाइन लावून तिला तीन रात्री मांडीवर घेऊन बसले. चौथ्या दिवशी पहाटे गेली. पिल्लू दाराबाहेर पडलं नव्हतं, रोग मीच पायातून घरात आणला होता. तेव्हापासून दवाखान्याच्या चपला दवाखान्यातच राहतात.

म्हणून बाई, लशी पुऱ्या होईपर्यंत बाहेरच्या चपला उंबऱ्याबाहेर, आणि गल्लीतली दुसरी कुत्री हाताळून आलेल्या माणसानं साबणानं हात धुतल्याशिवाय पिल्लाला हात लावायचा नाही. तुमच्या परड्यात गेल्या वर्षभरात कुणाचं पिल्लू हगवणीनं गेलं असेल तर मला आधी सांगा. हा विषाणू सावलीतल्या मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. साध्या फिनेलनं तो मरत नाही. फरशी आधी साबणानं स्वच्छ घासून, मग एका भागाला तीस भाग पाणी घातलेलं ब्लीच दहा मिनिटं राहू द्यावं लागतं आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवावं लागतं.

याचा अर्थ पिल्लाला चार महिने कोंडून ठेवायचं असाही नाही. त्या चौदा आठवड्यांचं वर लिहिलंय ना. खाली न सोडता कडेवर घेऊन फिरवा. संध्याकाळी रंकाळ्यावर नेऊन कठड्यावर बसा, मांडीवर पिल्लू. गर्दी, भेळेच्या गाड्या, पोरांचा गलका, सगळं त्याला मांडीवरून बघू द्यात. तुमच्या पेठेत तर गणपतीत काय आवाज असतो आणि फुटबॉलचा सामना जिंकला की किती फटाके उडतात, मला सांगायला नको. आत्तापासून कुकरची शिट्टी, बुलेट, लांबून ढोल, असं थोडं थोडं कानावर पडू द्यात, आवाज झाला की लगेच खाऊ द्या. घाबरलं तर लांब न्या, जबरदस्ती नको.

कारवानीबद्दल एवढंच, की ती शिकारी, धावणारी जात आहे, मुधोळ हाउंडच्या कुळातली. अंगावर चरबी कमी, कातडी पातळ, केस आखूड. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तिला ओल आणि गारठा बाधतो. शहाबादीवर नुसतं झोपू देऊ नका, खाली फळी, वर वाकळ. वर्षाचं झालं की रोज मोकळं पळायला मैदान लागेल, साखळीला बांधून ही जात सुखी राहत नाही. पळायला नेण्याचं कामही त्या कागदावर कुणाच्या तरी नावानं आत्ताच लिहून ठेवा.

प्रश्न : मॅडम, कोल्हापुरातच संभाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो, मी आणि माझा भाऊ. चार दिवसांपूर्वी दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉर आणलं. रात्रभर रडतं. खालचे काका तक्रार करून गेले. मित्र म्हणतात, गॅलरीत ठेव, दोन दिवस रडेल आणि गप्प होईल. शिवाय घरभर शू करतं.

उत्तर : भावा, गॅलरीत ठेवू नकोस. दोन दिवसांनी ते गप्प होईल हे खरं, पण हाक मारून कुणी येत नाही हे कळल्यावर गप्प होईल. चार दिवसांपूर्वीपर्यंत ते सात-आठ भावंडांच्या ढिगात झोपत होतं. टोपली तुझ्या अंथरुणाला लागून ठेव, रडलं की हात सोडून त्याच्या पाठीवर ठेव. बोलू नकोस, दिवा लावू नकोस, खेळवू नकोस. दहा-बारा दिवसांत ते सलग झोपायला लागलं की टोपली रोज हातभर दाराकडे सरकव.

महिन्यांत एक मिळवला की साधारण तेवढे तास पिल्लू जास्तीत जास्त लघवी धरू शकतं, म्हणजे तुझं तीन तास, तेही झोपेत. तेव्हा रात्री बाराला झोपताना आणि तीनला गजर लावून त्याला ठरलेल्या कोपऱ्यात ने. जागं असताना मात्र झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच. तिथं केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि चिमूटभर खाऊ. दुसरीकडे केलं तर मुकाट्यानं पूस. नाक त्यात घासणं, चापट मारणं यातनं ते एवढंच शिकतं की तुझ्यासमोर करायचं नाही, मग ते कॉटखाली जाऊन करतं.

खालच्या काकांकडे भावाला घेऊन आज संध्याकाळीच जा, पिल्लू कडेवर घेऊन. पंधरा दिवस त्रास होईल, सांभाळून घ्या म्हणून सांगा. मी बघितलंय, कडेवरचं पिल्लू बघून निम्मे राग तिथंच विरतात.

प्रश्न : कसबा बावड्यात आमचा गोठा आहे, चार म्हशी. घरी दुधाला तोटा नाही, रविवारी मटण असतंच. पिल्लू आणणार आहोत. दूध-भाकरी आणि मटणाचा रस्सा, नळ्या, असं घरचंच घालणार. बाजारचं खाणं घालावं लागतं का?

उत्तर : वहिनी, घरचं घालायला माझी हरकत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टींत थोडं थोडं थांबावं लागेल.

दूध. दूध तुटल्यावर पिल्लाची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते. वाटीभर म्हशीचं दूध घातलं की पातळ हगतं आणि मग लोक मला विचारतात की पार्वो झाला काय. धारेचं कच्चं दूध तर नकोच. थोडं ताक किंवा दही बहुतेकांना चालतं. निव्वळ दूध-भाकरीवर पिल्लू जगतं, पण हाडापेरानं भरत नाही, त्याला मांस किंवा अंडं लागतंच.

मटण. आपल्या तांबड्या-पांढऱ्यात कांदा, लसूण, मीठ, मसाला, तेल काय कमी असतं? कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आज घातलं आणि उद्या मेलं असं होत नाही, म्हणून लोकांना पटत नाही. पण हळूहळू पिल्लू फिकट पडतं. अळणी रस्सा काढायच्या आधी, नुसत्या पाण्यात शिजलेले चार तुकडे बाजूला घ्या, हाड काढून, भाताबरोबर कुस्करून द्या. ते उत्तम.

नळ्या. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि चावताना त्याच्या सुया होतात. रविवारी दुपारी नळी आणि सोमवारी सकाळी दवाखाना, हे मी किती वेळा पाहिलंय. कुणाच्या टाळूत आडवं बसलेलं, कुणाच्या आतड्यात. शिजलेलं हाड घालायचंच नाही, लहान नाही आणि मोठं नाही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेटही नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे घरात कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोनदा. पिल्लांसाठी म्हणून मिळणारं बाजारचं खाणं महाग असलं तरी त्यात सगळं मोजून असतं. निम्मं ते, निम्मं घरचं, असंही चालतं. तीन-चार आठवड्यांनी पिल्लाला वजनाला घेऊन या, मी बघून सांगेन.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, तरी गोठा आहे म्हणून लिहिते. गोठ्यात फवारायचं गोचिडाचं औषध पिल्लाला लावू नका. ते पाच-सहाशे किलोच्या म्हशीच्या कातडीसाठी पातळ केलेलं असतं, पिल्लू दोन किलोचं, शिवाय ते अंग चाटतं. मागे एकानं उरलेली बादली पिल्लावर ओतली, तासाभरात ते थरथरत, लाळ गाळत माझ्या टेबलावर होतं. वाचलं, पण थोडक्यात. म्हशीला देतात ते गोचिडाचं इंजेक्शनही घरच्या घरी टोचू नका. गोठ्याजवळच्या पिल्लाला गोचीड लागणारच आणि त्यातून कुत्र्याला ताप येतो, रक्त कमी होतं. म्हणून रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी बघा. दिसलं तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका, नखानं चिरडू नका.

प्रश्न : गल्लीतल्या कुत्रीचं दोन महिन्यांचं पिल्लू आम्ही घरात घेतलं. खेळताना माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या बोटाला त्याचा दात लागून रक्त आलं. सासूबाईंनी हळद लावली. पिल्लूच आहे, काही होत नाही असं सगळे म्हणतात.

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडताच तुम्हाला फोन केला होता. ज्यांच्या घरी असं झालं असेल त्यांनी हे वाचावं. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. त्याची आई कुणाला चावली, तिला कोण चावलं, आपल्याला ठाऊक नसतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टर सांगतील ती सगळी इंजेक्शनं ठरलेल्या तारखांना घ्यायची. पोटात चौदा घ्यावी लागायची तो काळ गेला, आता ती दंडात देतात. पिल्लाला मारू नका, हाकलूही नका, दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा आणि त्यात काही बदल दिसला तर लगेच कळवा. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही, म्हणून मी एवढं ठासून सांगते.

दात लावायची खोड जाईल. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते पडून 42 येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. जुन्या फडक्याला गाठ मारून, ओलं करून फ्रिजमध्ये ठेवा आणि ते चघळायला द्या. दात लागला की खेळ थांबवायचा आणि उठून जायचं, हे मुलालाही शिकवा.

प्रश्न : शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहतो. 2019 आणि 2021 ला घरात पाणी आलं होतं. यंदा पिल्लू आहे, तीन महिन्यांचं. पुराची काय तयारी ठेवू?

उत्तर : दादा, तुमची आठवण योग्य वेळी झाली. पुराच्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते आणि त्यातून लेप्टो होतो, कुत्र्याला आणि त्याच्यापासून माणसालाही. पिल्लाच्या कार्डावर लेप्टोची लस झाली आहे का ते आज बघा. तिचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं लागतात, म्हणजे आत्ता सुरुवात केली तर जुलैच्या आत पुरं होईल. रेबीजचीही आता वेळ झाली आहे, दोन्ही एकाच फेरीत बघू. साचलेल्या पाण्यात खेळू देऊ नका, अंग भिजलं तर साबणानं धुऊन कोरडं करा.

लसीकरणाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तुमच्या रेशनकार्डाबरोबर ठेवा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढा. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पक्क्या शाईनं लिहा. आणि झाकणाच्या टोपलीत बसायची सवय आत्तापासून लावा, रोज एक जेवण त्या टोपलीत. पाणी चढायला लागल्यावर घाबरलेलं पिल्लू कुणाच्या हातात राहत नाही. ज्या पाहुण्यांकडे जाणार त्यांना आधी विचारून ठेवा की पिल्लूही येईल.

चिठ्ठी (मंगळवार पेठेतल्या लिफाफ्यातून) : डॉक्टर मावशी, पिल्लाचं नाव मी काय ठेवू? बाबा म्हणतात टायगर, आजी म्हणते मोती. मला काहीतरी वेगळं पाहिजे.

उत्तर : बाळा, नाव तूच ठेव. फक्त ते दोन अक्षरी असू दे, हाक मारायला सोपं, आणि 'नको', 'बस' असल्या शब्दांसारखं ऐकू येणारं नको, नाहीतर त्याचा गोंधळ होईल. घरात सगळ्यांनी एकच नाव घ्यायचं. बाबांनी टायगर आणि आजीनं मोती म्हटलं तर ते कुणाकडेच येणार नाही. नाव घेऊन कधी रागवायचं नाही. नाव घेतलं की काहीतरी चांगलंच मिळालं पाहिजे, खाऊ, नाहीतर कानामागे खाजवणं. पहिले तीन दिवस त्याला मैत्रिणींना दाखवायला बोलावू नकोस. पिल्लं दिवसाचे अठरा-अठरा तास झोपतात, झोपलेलं उठवायचं नाही. तू फरशीवर मांडी घालून गप्प बस, ते आपणहून तुझ्याजवळ येईल.

पहिल्या लशीला आजीबरोबर तूही ये. कार्डावर नाव तुझ्या अक्षरात लिहायचं आहे.